सूर्यात हायड्रोजन जळत नाही, जुळतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत सूर्यावर पानभर मजकूर आला होता. विज्ञानाला एवढी जागा दिलीत याचा खरंच आनंद झाला, चित्रंही छान होती. पण तिसऱ्या-चौथ्या ओळीतच "सूर्यातला हायड्रोजन वायू अखंड जळत असतो आणि त्या आगीची धग आपल्यापर्यंत पोचते" असं वाक्य होतं आणि मी तिथेच अडखळले. पुढे "आगीचा गोळा" तीनदा, "ज्वाळा" दोनदा आणि शेवटी "इंधन जळून संपल्यावर सूर्य विझेल" असंही होतं. चूक काढायची म्हणून लिहीत नाहीये. मी नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते आणि हे एक वाक्य मुलांच्या डोक्यातून काढायला मला दरवर्षी किती वेळ लागतो ते मलाच माहीत, म्हणून राहवलं नाही. मी स्वतः शाळेत असताना परीक्षेत "सूर्यात हायड्रोजनचे ज्वलन होते" असं लिहिलं होतं, त्याला पूर्ण मार्क मिळाले, कोणी लाल रेघ मारली नाही, आणि पुढे कितीतरी वर्षं मी तेच खरं धरून चालले. त्याचं आजही वाईट वाटतं.

तर मुद्दा एवढाच की सूर्यात हायड्रोजन जळत नाही, जुळतो. मराठीत एका उकाराचा फरक आहे पण त्या उकारामध्ये सूर्याचं सगळं गुपित आहे.

जळणं म्हणजे काय, तर एखाद्या पदार्थाचा ऑक्सिजनशी संयोग होणं. त्यात अणूंच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होते, अणूचा गाभा म्हणजे केंद्रक जागचं हलतही नाही. हायड्रोजन जळला की पाणी होतं. आता सूर्यात इतका ऑक्सिजन आणायचा कुठून? वजनाने बघितलं तर सूर्याचा जवळपास तीन चतुर्थांश भाग हायड्रोजन आणि राहिलेला बहुतेक सगळा हेलियम, बाकी सगळी मूलद्रव्यं मिळून दोनेक टक्के, त्यात ऑक्सिजन एक टक्क्याच्या आसपास. माझ्या वर्गातल्या एका मुलीने हाच प्रश्न विचारला होता, "मॅडम, मेणबत्तीवर ग्लास ठेवला की ती विझते, मग सूर्यावर तर हवाच नाही, तो कसा काय विझत नाही?" इतका सरळ प्रश्न आणि आपल्या नेहमीच्या "आगीचा गोळा" वाल्या उत्तरात त्याला जागाच नाही.

आणि समजा मिळाला ऑक्सिजन, तरी भागत नाही. एकोणिसाव्या शतकात लोकांनी हा हिशोब करून बघितला होता, की अख्खा सूर्य उत्तम दगडी कोळशाचा असता आणि आत्ता देतोय तेवढीच उष्णता देत राहिला असता तर किती टिकला असता. उत्तर येतं साधारण पाच हजार वर्षं. म्हणजे माणसाचा लिखित इतिहास जेवढा तेवढ्यातच कोळसा संपला असता. मग हेल्महोल्ट्झ आणि लॉर्ड केल्विन या भौतिकशास्त्रज्ञांनी दुसरा मार्ग काढला. सूर्य स्वतःच्या वजनाने हळूहळू आकसतोय आणि आकसताना तापतोय असं त्यांचं म्हणणं. ही कल्पना वेडगळ अजिबात नव्हती. सायकलमध्ये हवा भरताना पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून बघा, चांगला चटका बसतो. थोडी उष्णता घासण्याची असते पण मुख्य काम दाबाचं, वायू दाबला की तापतो. तर या हिशोबाने सूर्य दोन-तीन कोटी वर्षं टिकतो. कोळशापेक्षा कितीतरी बरं, पण भूगर्भवाले म्हणाले आमच्या खडकांना, थर साचायला आणि झिजायला याच्या कितीतरी पट जास्त वेळ लागलाय, डार्विनलाही उत्क्रांतीसाठी इतका कमी वेळ पुरत नव्हता. हा वाद कित्येक वर्षं चालला. आज आपल्याला माहीत आहे की सूर्याचं वय ४६० कोटी वर्षं आहे, म्हणजे केल्विनसाहेबांचं घड्याळ शंभर पटीहून जास्त चुकलं होतं. गणितात चूक नव्हती, त्यांच्या काळात अणूच्या केंद्रकाबद्दल कोणाला काही माहीतच नव्हतं.

उत्तर मिळायला सुरुवात झाली ती वजनकाट्यावर. १९२० च्या सुमाराला फ्रान्सिस ॲस्टन नावाच्या शास्त्रज्ञाने अणूंची वजनं अतिशय बारकाईने मोजली. मी वर्गात फळ्यावर हीच वजाबाकी करून दाखवते, तुमच्या वाचकांनाही जमेल. हायड्रोजनच्या एका अणूचं वस्तुमान १.००७८३ एकक. असे चार घेतले तर ४.०३१३२. आणि हेलियमचा एक अणू, जो चार हायड्रोजन जुळून होतो, त्याचं वस्तुमान ४.००२६०. वजाबाकी करा, ०.०२८७२ कुठे गेलं? टक्केवारीत हे ०.७ टक्के भरतं. एक किलो हायड्रोजन घेतलात तर हेलियम होतो ९९३ ग्रॅम, सात ग्रॅम गायब. आइनस्टाइनने १९०५ मध्येच सांगून ठेवलं होतं की वस्तुमान आणि ऊर्जा एकच आहेत, ई बरोबर एमसी स्क्वेअर. मग त्या सात ग्रॅमची ऊर्जा किती? वीजबिलावर जी युनिट असतात त्या हिशोबात साडेसतरा कोटी युनिट! तोच एक किलो हायड्रोजन नुसता हवेत जाळला असता तर चाळीस युनिटच्या आत-बाहेर मिळाली असती. चाळीस लाख पटीपेक्षा जास्त फरक आहे हा, आणि तुमच्या पुरवणीतलं "जळतो" या सगळ्यावर पाणी फिरवतं.

खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टनने त्याच १९२० साली जाहीर भाषणात सांगितलं की ताऱ्यांची ऊर्जा इथूनच येत असणार. पण तेव्हा एक मोठी अडचण होती, सूर्यात हायड्रोजन फार थोडा आहे असंच सगळे समजत होते. सूर्य पृथ्वीसारख्याच मालमसाल्याचा आहे, लोखंड वगैरे भरपूर, अशी समजूत. ती मोडली सेसिलिया पेन या पंचवीस वर्षांच्या मुलीने, १९२५ मध्ये, हार्वर्डला डॉक्टरेट करताना. आणि इथे आपल्या मेघनाद साहांचं नाव घेतलंच पाहिजे कारण तिने वापरलं ते साहांचं १९२० चं आयनीभवनाचं समीकरण. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात ज्या काळ्या रेषा दिसतात त्यांची जाडी-बारीकी नुसती बघून चालत नाही, त्या तापमानाला कुठल्या मूलद्रव्याचे किती अणू इलेक्ट्रॉन गमावून बसलेत ते आधी कळायला लागतं, आणि ते साहांच्या समीकरणाने कळतं. पेनने हिशोब केला तर हायड्रोजन इतर सगळ्यांपेक्षा प्रचंड जास्त निघाला. हेन्री रसेल हे त्या काळातलं मोठं नाव, त्यांनी कळवलं की हे अशक्य आहे, आणि बिचारीला आपल्याच प्रबंधात हा आकडा बहुधा खरा नसावा असं लिहावं लागलं. चार वर्षांनी रसेल स्वतः वेगळ्या वाटेने त्याच उत्तराला पोचले. मला ही गोष्ट मुलींना सांगायला फार आवडते, आणि तुमच्या पानभर मजकुरात पेन आणि साहा यांपैकी एकाचंही नाव नव्हतं याची चुटपुट लागली.

आता जुळणं नेमकं कसं होतं ते. पाठ्यपुस्तकात याला केंद्रकीय संमीलन म्हणतात, शब्द चांगला आहे पण मुलं तो पाठ करून सोडून देतात. सूर्याच्या पोटात, म्हणजे मध्यापासून साधारण पाव त्रिज्येपर्यंत, तापमान आहे दीड कोटी अंशांच्या घरात आणि तिथला वायू इतका दाबला गेलाय की पाण्याच्या दीडशे पट घट्ट. एवढ्या उष्णतेत अणू अणू राहतच नाही, इलेक्ट्रॉन वेगळे, केंद्रकं वेगळी, आणि हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे नुसता एक प्रोटॉन. हे प्रोटॉन सगळे धन भाराचे, एकमेकांना ढकलणारे. ते सेकंदाला शेकडो किलोमीटरच्या वेगाने धावतात, एकमेकांवर येतात आणि मागे फेकले जातात. जुन्या भौतिकशास्त्राने हिशोब केला तर दीड कोटी अंश अजिबात पुरत नाहीत, त्याच्या कित्येक शे पट जास्त तापमान लागलं असतं. एडिंग्टनला लोक हेच ऐकवायचे. मग १९२८ मध्ये जॉर्ज गॅमोने दाखवलं की क्वांटमच्या जगात कण भिंतीवरून उडी न मारताही कधीतरी पलीकडे सापडू शकतो, शक्यता अगदी थोडी पण शून्य नाही. याला टनेलिंग म्हणतात, बोगदा पाडल्यासारखं. १९२९ मध्ये ॲटकिन्सन आणि हाउटरमन्स या दोघांनी हीच गोष्ट ताऱ्यांना लावली आणि गाडी रुळावर आली.

पण नुसते दोन प्रोटॉन जवळ येऊनही काम होत नाही. दोन प्रोटॉनची जोडी टिकतच नाही. त्या जवळ आलेल्या क्षणार्धात दोघांपैकी एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, तरच ड्यूटेरियम म्हणजे जड हायड्रोजनचं केंद्रक तयार होतं, आणि सोबत एक पॉझिट्रॉन (धन भाराचा इलेक्ट्रॉन) आणि एक न्यूट्रिनो (भार नसलेला, जवळजवळ वजनच नसलेला कण) बाहेर पडतो. प्रोटॉनचा न्यूट्रॉन करणारं जे बल आहे ते नावाप्रमाणेच क्षीण, त्यामुळे हे इतकं क्वचित घडतं की सूर्याच्या गाभ्यातला एखादा प्रोटॉन धरला तर त्याला जोडीदार मिळायला सरासरी हजार कोटी वर्षांच्या आसपास वाट बघावी लागते. परत वाचा प्लीज, हजार कोटी वर्षं, आणि तेही सेकंदाला असंख्य वेळा आपटून! एकदा का ड्यूटेरियम झालं की पुढचं भराभर, काही सेकंदात त्याला आणखी एक प्रोटॉन चिकटतो आणि हेलियम-३ होतो, मग अशी दोन हेलियम-३ काही लाख वर्षांत एकमेकांना भेटतात आणि त्यातून नेहमीचा हेलियम-४ तयार होऊन दोन प्रोटॉन परत मोकळे होतात. ही साखळी आणि कार्बनच्या मदतीने चालणारी दुसरी साखळी हान्स बेथेने १९३८-३९ मध्ये नीट मांडली, पहिलीत क्रिचफील्ड त्याच्या सोबत होता, आणि १९६७ चं नोबेल बेथेला मिळालं. आपल्या सूर्यात जवळजवळ सगळं काम पहिल्या साखळीचं, कार्बनवालीचा वाटा एखादा टक्का.

मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते इथे आहे. आपल्या डोक्यात सूर्य म्हणजे काहीतरी भडकलेलं, धडधडणारं, सतत स्फोट होत असलेलं. पुरवणीत तर "दर सेकंदाला कोट्यवधी हायड्रोजन बॉम्ब" असा मथळाच होता. एकूण ऊर्जेचा हिशोब लावला तर तो आकडा बसेलही, पण सूर्याचा स्वभाव त्यातून अगदी उलटा दिसतो. सूर्याच्या अगदी मध्यातला एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असा ठोकळा मनात आणा. त्यात दीड लाख किलो माल आहे, तापमान दीड कोटी अंश. त्या सगळ्यातून संमीलनाने किती ऊर्जा निघते? तीनशे वॅटच्याही आत. शंभर वॅटचे तीन जुने बल्ब. अख्ख्या सूर्याची सरासरी काढली तर किलोमागे वॅटचा पाच हजारावा हिस्सा. आणि स्वस्थ बसलेला माणूस किलोमागे एक वॅटहून जास्त उष्णता देतो. म्हणजे किलोला किलो लावला तर तुम्ही-आम्ही सूर्यापेक्षा हजारो पटीने जास्त ऊर्जा देत असतो. वर्गात हे सांगितलं की मुलं आपल्या हाताकडे बघतात, आणि मग एकजण हमखास विचारतो की मग सूर्य एवढा तापलेला कसा?

तापलेला, कारण तो अवाढव्य आहे. पृथ्वीसारख्या ३ लाख ३३ हजार पृथ्व्या तराजूत टाकाल तेव्हा एक सूर्य होतो. किलोमागे थोडंसं, पण किलो किती, तर दोनावर तीस शून्य. त्यामुळे सगळं मिळून सेकंदाला ६० कोटी टन हायड्रोजन जुळतो, त्यातून ५९ कोटी ५७ लाख टनांच्या आसपास हेलियम होतो आणि मधले ४२-४३ लाख टन ऊर्जा होऊन निघून जातात. वॅटमध्ये लिहायचं तर ३८ वर २५ शून्य. आणि असं असूनही ४६० कोटी वर्षांत सूर्याने या कारणाने आपलं जेमतेम ०.०३ टक्के वजन गमावलंय.

दुसरी गोष्ट म्हणजे उष्णता कोंडलेली आहे. आणि हे फार कमी वेळा कोणी सांगतं की सूर्य पहिल्यांदा तापला तो संमीलनाने नाही, वजनाने. वायूचा ढग आपल्याच गुरुत्वाकर्षणाने आत आत कोसळत गेला, दाबला गेला, तापला, तोच सायकलच्या पंपाचा प्रकार, आणि मध्यभागी पुरेसं तापल्यावर जुळणं सुरू झालं. केल्विनचं म्हणणं तेवढ्या काळापुरतं बरोबरच होतं. संमीलन काय करतं तर पृष्ठभागावरून जेवढी ऊर्जा बाहेर गळते तेवढी आतून भरून काढतं, त्यामुळे आकसणं थांबतं. उद्या समजा जादूने संमीलन बंद पडलं तरी सूर्य परवा विझणार नाही, पुन्हा हळूहळू आकसायला लागेल आणि कितीतरी लाख वर्षं आपल्याला बाहेरून फारसा फरकही दिसणार नाही. म्हणूनच "विझेल" हा शब्दसुद्धा खटकला.

आणि या रचनेत एक आपोआप चालणारा नियंत्रक आहे, मला तर त्याचं दरवेळी नवल वाटतं. गाभ्यात जुळणं थोडं जास्त झालं तर जास्तीच्या ऊर्जेने गाभा जरा फुगतो, फुगला की थंडावतो, थंडावला की जुळणं कमी होतं. कमी झालं तर वरचं वजन त्याला दाबतं, दाबला की तापतो, तापला की जुळणं वाढतं. बॉम्बमध्ये हे होत नाही कारण बॉम्बला दाबून धरायला वर काही नसतं. सूर्याला त्याचंच वजन आवरून धरतं. पहिल्या पायरीची ती हजार कोटी वर्षांची दिरंगाई आणि हे वजन, या दोन गोष्टी नसत्या तर पृथ्वीवर जीव निर्माण व्हायला वेळच मिळाला नसता.

आतली ऊर्जा बाहेर यायची गोष्ट थोडक्यात सांगते. गाभ्यात ती गॅमा किरणांच्या रूपात असते, पण तिथली गर्दी अशी की प्रकाशाला सरळ जाताच येत नाही, थोडंसं गेलं की आपट, शोषला जा, परत बाहेर पड, वाटेल त्या दिशेला. असं करत त्रिज्येच्या सत्तर टक्क्यांपर्यंत. या प्रवासाला किती वर्षं लागतात याचे आकडे हिशोबाच्या पद्धतीप्रमाणे दहा हजारांपासून पावणेदोन लाखांपर्यंत सांगितले जातात, आणि निघालेला फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण तोच बाहेर येतो असंही नाही, एका जबरदस्त फोटॉनचे वाटेत हजारो सौम्य फोटॉन झालेले असतात. वरच्या तीस टक्के भागात मग तापलेला वायू वर येतो, थंड झालेला खाली जातो, त्याचे हजारेक किलोमीटर रुंदीचे दाणे दुर्बिणीतून (योग्य फिल्टर लावूनच, उघड्या डोळ्याने कधीही नाही) पृष्ठभागावर दिसतात आणि दहा-पंधरा मिनिटांत विरून नवे येतात. पृष्ठभागाचं तापमान साडेपाच हजार अंश. तिथून पुढे प्रकाश मोकळा, १५ कोटी किलोमीटर अवघ्या ८ मिनिटं २० सेकंदात. तुमच्या चित्रातल्या ज्या "ज्वाळा" आहेत त्यासुद्धा ज्वाळा नाहीत, चुंबकीय क्षेत्राने कमानीसारखा उचलून धरलेला वायू आहे तो.

कोणी म्हणेल आत जाऊन कोण बघून आलंय? बघून आलेत, न्यूट्रिनोच्या डोळ्यांनी. वर सांगितलं की दोन प्रोटॉन जुळताना न्यूट्रिनो बाहेर पडतो. त्याला कोणी अडवत नाही, दोन-तीन सेकंदात सूर्याबाहेर आणि आठ मिनिटांत आपल्यापाशी. आत्ता हे पत्र वाचताना तुमच्या अंगठ्याच्या नखातून दर सेकंदाला साडेसहा हजार कोटींच्या आसपास न्यूट्रिनो जातायत, आणि रात्री वाचत असाल तर ते अख्खी पृथ्वी पार करून पायाखालून येतायत. रेमंड डेव्हिसने अमेरिकेत एका खाणीत जवळपास दीड किलोमीटर खोल ३ लाख ८० हजार लिटरची टाकी भरली, ड्राय क्लीनिंगला वापरतात त्या द्रवाने (त्यातल्या क्लोरीनच्या अणूला न्यूट्रिनो धडकला की त्याचा आर्गॉन होतो), आणि १९६० च्या दशकाच्या शेवटापासून पंचवीसेक वर्षं तो त्या टाकीतून आर्गॉनचे मोजके अणू वेचून मोजत राहिला. आकडा सारखा अपेक्षेच्या एक तृतीयांश यायचा. लोक म्हणाले डेव्हिसचं काहीतरी चुकतंय, काही म्हणाले सूर्याचं मॉडेल चुकलंय. शेवटी डेव्हिस आणि सूर्याचं मॉडेल, दोघंही बरोबर निघाले. न्यूट्रिनो वाटेत आपली जात बदलतात आणि टाकीला एकच जात पकडता येत होती, हे २००१-०२ मध्ये कॅनडातल्या सडबरीच्या प्रयोगाने पक्कं केलं. डेव्हिसला २००२ मध्ये नोबेल मिळालं, वयाच्या ८८ व्या वर्षी. पुढे २०१४ मध्ये इटलीतल्या डोंगराखालच्या बोरेक्सिनो प्रयोगाने त्या पहिल्याच पायरीचे, प्रोटॉन-प्रोटॉन जुळण्याचे न्यूट्रिनो थेट पकडले. प्रकाश सांगतो सूर्याच्या पोटात हजारो वर्षांपूर्वी काय चाललं होतं, न्यूट्रिनो सांगतो आठ मिनिटांपूर्वी काय चाललं होतं, आणि दोन्ही आकडे जुळले. २०२० मध्ये त्याच प्रयोगाने कार्बनवाल्या साखळीचेही न्यूट्रिनो पकडले.

अजून एक, "कृत्रिम सूर्य" या बातम्यांबद्दल. "सूर्यापेक्षा दहापट तापमान गाठलं" असं तुम्ही छापता तेव्हा वाचकाला वाटतं आपण सूर्यावर मात केली. दहापट तापवावं लागतं कारण सूर्याचं वजन आपल्याकडे नाही, त्याचा वेळही नाही. प्रयोगशाळेत साधा हायड्रोजन वापरून चालतच नाही, एकेका प्रोटॉनसाठी हजार कोटी वर्षं कोण थांबणार, म्हणून ड्यूटेरियम आणि ट्रिटियम (हायड्रोजनचाच आणखी जड प्रकार) घ्यावे लागतात जे त्या मानाने कितीतरी पटकन जुळतात. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत लेझरने इंधनाच्या बारीक गोळीवर २.०५ मेगाजूल ऊर्जा टाकून ३.१५ मेगाजूल मिळाली, ते मोठंच यश आहे, मात्र ते लेझर चालवायला भिंतीतल्या प्लगमधून त्याच्या शंभरेक पट वीज ओढली गेली होती. ही दुसरी ओळ बातमीत क्वचितच येते.

सूर्याच्या भविष्याबद्दलही पुरवणीत घाबरवणारा सूर होता. अजून जवळपास ५०० कोटी वर्षं गाभ्यात जुळायला हायड्रोजन आहे. हेलियम साठत जातो तसा गाभा हळूहळू दाटतो, तापतो, आणि सूर्य अगदी संथपणे उजळत जातो. जन्माच्या वेळी त्याचं तेज आजच्यापेक्षा तीसेक टक्क्यांनी कमी होतं. नंतर तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल, तेव्हा गाभ्यात हेलियम जुळून कार्बन होईल, आणि शेवटी पृथ्वीएवढा श्वेतबटू उरेल. तिथेही जळणं नाहीच, जुळणंच.

म्हणून एक मागणी करते. पुढच्या रविवारी एक छोटी चौकट देऊन हे वाक्य दुरुस्त करा. मोठा खुलासा नको, "सूर्यात हायड्रोजनची केंद्रकं जुळून हेलियम तयार होतो आणि त्यात ०.७ टक्के वस्तुमानाची ऊर्जा होते" एवढं एक वाक्य पुरेल. तुमचा पेपर माझ्या वर्गातली बरीच मुलं वाचतात, कात्रणं वहीत चिकटवतात, त्या मेणबत्तीवाल्या मुलीने तर रविवारचं ते पान कापून ठेवलंय आणि "जळत असतो" च्या खाली पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलंय. चौकट आली की ती त्याच पानाशेजारी चिकटवू असं आमचं ठरलंय, जागा रिकामी ठेवली आहे.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे, काटछाट करायला हरकत नाही, फक्त ती वजाबाकी तेवढी ठेवा.

आपली नियमित वाचक,
एक विज्ञान शिक्षिका